झेनमध्ये एस्टीमचं इंजिन टाकायचं की नाही

ज्यांच्याकडे जुनी मारुती झेन आहे त्यांना हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच, की "इंजिन गेलं ना, मग एस्टीमचं टाक, डायरेक्ट बसतं, रॉकेट होते गाडी." (एस्टीम म्हणजे मारुतीचीच जुनी, मोठ्या इंजिनाची सेडान.) मला ते आधी माझ्या सख्ख्या भावाने सांगितलं, मग त्याच्या मित्राने, मग आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी, ज्यांनी आयुष्यात स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते पटायलाही लागलं होतं, कारण कागदावर ते खरंच भारी दिसतं.

आमची झेन २००३ ची. एमएच-०३ पासिंग, बाबांनी शोरूममधून नवी घेतलेली, आता मी चालवते, मुलुंड ते पवई ऑफिस आणि वर्षातून एकदा गणपतीला चिपळूण. मागच्या दारावरचा '१६×४ हायपरटेक'चा बिल्ला अजून शाबूत आहे. आत ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ६० बीएचपी, म्हणजे ६० घोड्यांची ताकद. एस्टीमचं इंजिन १२९८ सीसीचं, शेवटी शेवटी ८५ बीएचपीला आलेलं, आणि तेच इंजिन थोड्याफार फरकाने जिप्सी किंगमध्ये आणि २००५ च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये (तिथे ८७ बीएचपी) पण होतं. दोन्ही सुझुकीच्या जी सिरीजची, एक जी-टेन, दुसरं जी-थर्टीन, म्हणजे एकाच घराण्यातली, म्हणून ते 'डायरेक्ट बसतं' वालं बोलणं अगदीच हवेतलं नाहीये. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, स्विफ्टचं हजाराच्या पुढे. आता पावणेआठशे किलोच्या डब्यात ८५ घोडे म्हणजे टनाला शंभराच्या वर, इतकं तर आजच्या बऱ्याच नव्या हॅचबॅकमध्ये पण मिळत नाही. दादाने हा हिशोब मला व्हॉट्सॅपवर रात्री साडेबाराला पाठवला होता, त्यावरून समजा त्याला किती खाज होती ते.

माझ्या गाडीची तक्रार काय होती तर पिकअप गेला होता आणि ती ऑइल खात होती. एसी लावून सेकंड गिअरमध्ये जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) ट्रॅफिकमध्ये पाय दाबला की गाडी आधी विचार करायची, मग हलायची. मागून निळा धूर. गांधीनगर जंक्शनला सिग्नलला माझ्या मागे थांबलेला रिक्षावाला तोंडावर रुमाल धरायचा, मी आरशात बघायची आणि लाज वाटायची. म्हणजे इंजिनाचं काहीतरी करणं भागच होतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की जे आहे तेच खोलून नीट करायचं, की कुर्ल्याहून तसंच दुसरं सेकंडहँड आणून टाकायचं, की एकदाच काय तो खर्च करून एस्टीमचं टाकायचं.

दादाचा मित्र ठाण्याला राहतो, त्याने हे केलेलं आहे. झेनच, १९९९ ची, त्यात एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणाऱ्या) एस्टीमचं इंजिन. एका रविवारी सकाळी सकाळी त्याने मला घोडबंदर रोडवर ती चालवायला दिली आणि मी इथे अजिबात खोटं बोलणार नाही, मज्जा आली. सेकंडला गाडी अशी सुटते की स्टिअरिंग हातातून किंचित डावीकडे ओढलं जातं, थर्डला तर तुम्ही गायमुखचा घाट कधी चढलात ते कळत नाही. मी हसत सुटले होते. पण उतारावर ब्रेक दाबला तेव्हा हसू गेलं. ब्रेक लागला, नाही असं नाही, पण जिथे लागायला हवा होता त्याच्या बऱ्याच पुढे, आणि पॅडलला तो एक लाकडासारखा कडकपणा आला. तो म्हणाला "हां, ब्रेकचं अजून करायचं राहिलंय." राहिलंय म्हणजे किती वर्षं राहिलंय ते मी विचारलं नाही. वेग दीडपट झाला की थांबवायला लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते, ही शाळेतली फिजिक्स आहे, आणि झेनच्या पुढच्या छोट्या डिस्क त्या ६० घोड्यांचा हिशोब धरून बसवलेल्या आहेत.

त्याच्याशी चहावर बोलता बोलता मग एकेक बाहेर यायला लागलं. इंजिन स्वस्तात मिळालं होतं. पण नुसतं इंजिन बसत नाही ना, त्याच्याबरोबर त्याचं वायरिंग लागतं, त्याचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) लागतो, कारण झेनच्या कॉम्प्युटरला १३०० सीसीला किती पेट्रोल द्यायचं ते माहीतच नाही. त्याची गाडी तर आधी कार्बोरेटरवाली होती, म्हणजे पेट्रोलची टाकी उतरवून आत प्रेशरचा पंप, नवी लाइन, सगळंच. गिअरबॉक्स झेनचाच ठेवला तर क्लच घसरतो आणि एक्सेलवर (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्यावर) लोड येतो, एस्टीमचा टाकला तर एक्सेल कुठला लावायचा आणि गिअर लिव्हरचं लिंकेज कसं जुळवायचं याची झटापट. इंजिन धरून ठेवणारे फाउंडेशनचे ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतले, त्यातला एक तुटला, परत केले. सायलेन्सर नवीन. रेडिएटर झेनचा पुरेना, मे महिन्यात एसी लावून सायनला अडकला की टेंपरेचरचा काटा वर, मग मोठा रेडिएटर, मग त्याला पंखा बसेना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. एकूण किती गेले विचारल्यावर त्याने आधी बायको आत आहे का ते बघितलं आणि मग हळूच सांगितलं, सव्वा लाखाच्या वर गेल्यावर त्याने लिहिणं बंद केलं.

त्यात एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटली. सव्वा-दीड लाखात आज जुनी पेट्रोल स्विफ्ट मिळते. त्यात हेच इंजिन, कंपनीने बसवलेलं, त्याच्याच गिअरबॉक्ससकट, त्याच्या मापाच्या ब्रेकसकट, आणि आरसी बुकात तोच नंबर. मग कुणाला इंजिनच हवं असेल तर अख्खी गाडीच का घेऊ नये? दादाला विचारलं तर म्हणे, "त्यात मजा नाही." बरं.

तरी मी कुर्ल्याला गेलेच. सीएसटी रोडला ज्यांनी कधी पार्टसाठी चक्कर मारली नसेल त्यांना सांगते, तिथे तुम्हाला गाडीचा आरसा हवा असो की अख्खा दरवाजा, कुणीतरी कुणालातरी फोन करतो आणि दहा मिनिटांत एक पोरगा हातात घेऊन येतो. इंजिनं टायरवर ठेवलेली असतात, ओळीने, वरून काळं प्लॅस्टिक. दुकानदार म्हणाला "मॅडम, चलती गाडी से उतारा है," जे तो प्रत्येक इंजिनाबद्दल म्हणत असणार. आमचे गॅरेजवाले काका बरोबर होते, ते काही बोलले नाहीत, त्यांनी ऑइल फिलरचं झाकण उघडलं आणि उलटं करून मला दाखवलं. आतून पांढरट पिवळी मलई जमलेली. "ताई, ह्यात पाणी गेलंय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या एका इंजिनाचे प्लग काढून भोकात टॉर्च मारला तर पिस्टनच्या डोक्यावर गंज. मुंबईत हे बघितल्याशिवाय सेकंडहँड इंजिन घेऊच नका, कारण दर पावसाळ्यात हिंदमाता, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कलला गाड्या बुडतात आणि त्यातल्या किती भंगारात येऊन पुढे कुठे जातात देव जाणे. तिसऱ्या इंजिनाचा नंबर जिथे पंच केलेला असतो ती जागा ग्राइंडरने घासून चकचकीत केलेली होती. काकांनी ते बघितलं आणि सरळ "चला" म्हणाले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, घासलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी असू शकते, फुकट दिलं तरी नको.

नंबरावरून आता ते कागदाचं. ह्यावर लोक एकदम मोघम बोलतात, "कोण बघतंय", "एजंट करून देतो" वगैरे, म्हणून मी नीट वाचून काढलं. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ५२. आरसीमध्ये जी माहिती आहे ती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, ज्यात मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. आता कैद वगैरे झेनसाठी कोणाला होईल असं मला वाटत नाही, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की झेनच्या आरसीवर क्युबिक कपॅसिटी ९९३ छापलेली असते, आणि सुझुकीच्या इंजिन नंबरची सुरुवातच इंजिनाच्या प्रकाराने होते, माझ्या आरसीवर जी-टेनने, एस्टीमवाल्याच्या ब्लॉकवर जी-थर्टीनने. म्हणजे चोर स्वतःच्या कपाळावर नाव लिहून फिरतोय.

सीएनजी किट वेगळं, ते मंजूर किट असलं की आरटीओ आरसीवर नोंद करून देतो, रोजचं काम आहे त्यांचं. तसंच इंजिन, म्हणजे झेनला झेनचंच, टाकलं तरी परवानगी, बिल आणि नव्या नंबरची नोंद लागते, पण ते होतं, कारण गाडी तीच राहते. १००० ची १३०० करणं ह्या दोन्हींत बसत नाही.

आणि जुन्या गाडीला आरटीओचं तोंड बघावंच लागतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून रिन्यू. माझी २०१८ ला झाली, २०२३ ला झाली. २०२२ पासून ह्या रिन्यूअलची फी पाच हजार झालीये, आणि २०२५ ला वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार केली, वर ग्रीन टॅक्स वेगळा. २०२३ ला मी वडाळ्याला स्वतः उभी होते. इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतली, आणि मग इंजिनाचा नंबर बघायला मोबाइलचा टॉर्च लावला, दिसेना तर मला म्हणाले फडकं आहे का, मी डिकीतून दिलं, त्यांनी स्वतः पुसून वाचला आणि आकडा आकडा जुळवला. "कोण बघतंय" म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

दादाच्या मित्राने ह्यावर काढलेला तोडगा ऐका. झेनचं मूळ इंजिन त्याने विकलं नाही. ते त्याच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली गोणपाटात बांधून ठेवलंय. पासिंग आलं की एस्टीमचं उतरवायचं, झेनचं चढवायचं, आरटीओ, मग परत उलटं. मजुरी दोनदा. मी विचारलं इतकी वर्षं पडून ते सुरू तरी होईल का, तर म्हणाला "बघू." आणि इन्शुरन्सच्या पॉलिसीवरही इंजिन नंबर असतो, उद्या कुणाला धक्का लागला आणि सर्व्हेअरने बोनेट उघडलं तर काय, ह्यावर पण "बघू." मला इतकं बघू-बघूवर गाडी चालवायला जमत नाही, माझ्या गाडीत माझी मुलगी बसते.

पण खरं सांगते, माझा निर्णय कायद्याने पण झाला नाही आणि पैशाने पण नाही. तो झाला एका छोट्याशा गेजने.

गॅरेजवाले काका मुलुंड पश्चिमेला, गेली कित्येक वर्षं बाबांची गाडी पण तेच बघायचे. (अजूनही माझ्या नवऱ्याला फोन करून सांगतात की गाडी तयार आहे, तो मला फोन करतो, मी जाऊन आणते. असो.) त्यांना मी म्हटलं एस्टीमचं टाकायचं डोक्यात आहे. ते म्हणाले टाकू, पण आधी हे किती जिवंत आहे ते तर बघू. इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, पेट्रोल आणि स्पार्क बंद केला, आणि एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचं मीटर) घट्ट बसवून मला म्हणाले, "ताई, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा." काटा चढत चढत जातो आणि थांबतो. ह्या इंजिनांना चांगल्या तब्येतीत चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास प्रेशर यायला हवं, १२ च्या खाली गेलं की काम काढायचं, आणि चार सिलिंडरमध्ये एकमेकांत एक किलोपेक्षा जास्त फरक नको. माझे दोन सिलिंडर दहाला पण पोचेनात, एक अकराला, आणि एकच बाराच्या जवळ. मग काकांनी त्या दोन मेलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत सेल्फ मारायला लावला. काटा टुणकन वर. तेलाने पिस्टनच्या रिंगांची फट तात्पुरती बुजली म्हणून प्रेशर वाढलं, म्हणजे दोष रिंगांचा, व्हॉल्व्हचा नाही. व्हॉल्व्ह गळत असते तर तेल टाकून काही फरक पडला नसता. धुराचं पण तसंच असतं, सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन येऊन बंद झाला तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, आणि पाय दाबल्यावर येत राहिला तर रिंगा. माझा दुसरा प्रकार होता, थोडा पहिला पण.

मग क्लच बघितला, प्लेट संपत आलेली, म्हणजे जी काही ताकद येत होती तीही चाकाला पूर्ण पोचत नव्हती. मागचा डावा ब्रेक ड्रममध्ये अडकून चाक धरत होता. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काळीकुट्ट.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही इतके महिने ८५ ची तुलना ६० शी करत होतो. पण माझ्या गाडीत ६० होतेच कुठे? ते कधीच गेले होते, हळूहळू, रोज थोडे थोडे, म्हणून कळलं नाही. मी जिला 'झेनला ताकद नाही' म्हणत होते ती झेनची ताकदच नव्हती, ती थकलेल्या रिंगा अधिक संपलेला क्लच अधिक अडकलेला ब्रेक ह्यांची बेरीज होती. कुठलंही इंजिन टाकलं असतं तर मला फरक भयानक वाटला असता, अगदी चांगल्या तब्येतीचं तेच ९९३ टाकलं असतं तरी. आणि स्वॅपचे, म्हणजे इंजिन बदलण्याचे, जे व्हिडिओ, जे किस्से आपण ऐकतो ना, त्यात नेहमी 'आधी' म्हणजे मरायला टेकलेलं जुनं इंजिन असतं आणि 'नंतर' म्हणजे ताजं मोठं इंजिन, नवा क्लच, नवं ऑइल, सगळं नवं. मधली पायरी, म्हणजे तेच छोटं इंजिन धडधाकट असतं तर कसं चाललं असतं, ती कोणी दाखवतच नाही. कारण त्याचा व्हिडिओ कोण बघणार.

दादाला हे सांगितलं तर त्याचं म्हणणं, ठीक आहे, पण तरी २५ घोडे जास्त ते जास्तच ना. जास्तच. पण वापरायचे कुठे? अटल सेतूवर मर्यादा १००, कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात ८०, एक्सप्रेसवेला गाड्यांना १००, घाटात त्याहून कमी, आणि कॅमेरे आहेत. बाकी माझा दिवस जातो ऐरोली ब्रिजच्या सिग्नलपासून पवईपर्यंत फर्स्ट-सेकंड-फर्स्ट करण्यात. तिथे मला हवी आहे खालच्या आरपीएमला ओढ, थंड राहणारं इंजिन आणि चालणारा एसी. एस्टीमच्या इंजिनाने ओढ नक्की वाढली असती, ते मी नाकारत नाही, पण थंड राहण्याचं आणि एसीचं उलटंच झालं असतं.

तर आम्ही इंजिन खोललं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत बीडाचे लायनर, त्यामुळे बोअर करून पाव मिलिमीटर मोठे पिस्टन टाकता येतात, तसे टाकले. नव्या रिंगा, क्रँकची बेअरिंगं, व्हॉल्व्ह घासून नवे सील, हेड फेसिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पूर्ण गॅस्केट सेट, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट. बोअरिंग भांडुपच्या एका जुन्या लेथवाल्याकडे झालं, तिथे मी मुद्दाम गेले होते. होनिंग (आतून बारीक घासणं) झाल्यावर सिलिंडरच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा दिसतात, त्या मुद्दाम ठेवायच्या असतात कारण त्यात ऑइल धरून राहतं, आरशासारखं गुळगुळीत केलं तर रिंगा बसतच नाहीत. तो लेथवाला बोट आत फिरवून मायक्रोमीटरशिवाय सांगत होता की खाली किंचित जास्त खाल्लंय, आणि मग मायक्रोमीटर लावून दाखवलं की बरोबर.

एकूण खर्च स्वॅपच्या निम्म्याहून बराच कमी झाला. आणि ब्लॉक तोच, म्हणून नंबर तोच, आरटीओला काही सांगायचं नाही, इन्शुरन्सला काही सांगायचं नाही. उरलेल्या पैशात पुढच्या डिस्क, मागचे ब्रेक शू, चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि एसीचा कंडेन्सर झाला. एकट्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरनेच गाडी निम्मी नवी वाटायला लागली हे माझं मत, इंजिनवाले रागावतील.

पहिले हजार किलोमीटर रनिंग-इन, म्हणजे जोरात रेस नाही, एकाच स्पीडला तासभर चालवायचं नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटायचं नाही, आणि मग ऑइल आणि फिल्टर बदलायचा. ते झाल्यावर मी दादाला, वहिनीला आणि आईला घेऊन गायमुखला गेले, एसी चालू, चौघं जण. थर्डला चढली. त्या ठाण्याच्या झेनसारखी उडाली वगैरे नाही, पण चढली, तक्रार न करता, आणि वर पोचल्यावर टेंपरेचरचा काटा मधोमध. काकांनी नंतर परत गेज लावलं, चारही सिलिंडर तेराच्या वर, फरक अर्ध्या किलोचा. दादा म्हणाला "ओके." त्याच्याकडून ओके म्हणजे बरंच झालं.

आता ह्याचा अर्थ इंजिन बदलणं कधीच बरोबर नाही असा नाही. आमच्या शेजाऱ्यांची वॅगन आर पावसात सबवेत बंद पडली, त्यांनी घाबरून दोन-तीनदा सेल्फ मारला, पाणी सिलिंडरमध्ये, पाणी तर दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला आणि एकाने ब्लॉक फोडून बाहेर डोकावलं. इन्शुरन्स होता पण इंजिन प्रोटेक्ट (अशा वेळी इंजिनाची भरपाई देणारं जादा कव्हर) घेतलेलं नव्हतं, त्यामुळे क्लेम आला नाही. तिथे दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं, त्यांनी तसंच, त्याच मॉडेलचं इंजिन घेतलं, अपघातात मागून ठोकलेल्या गाडीचं, बिल आणि त्या गाडीच्या कागदांची कॉपी घेऊन, आणि आरसीवर नंबर बदलून घेतला. तो स्वॅप शंभर टक्के बरोबर. आता सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटर पण आहेत, तिथून काढलेला पार्ट असेल तर कागद सरळ मिळतात. किंवा कुणाला गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची असेल, रस्त्यावर आणायचीच नसेल, रोजची दुसरी गाडी असेल, तर करा बिनधास्त, आणि ब्रेक आधी करा, इंजिन नंतर. आणि मारुतीने स्वतः झेनमध्ये १५२७ सीसीचं प्यूजोचं डिझेल इंजिन बसवून विकलं होतं हे विसरू नका, म्हणजे झेनच्या बोनेटखाली मोठं इंजिन हे पाप अजिबात नाही. फरक एवढाच की तिथे ब्रेकपासून आरसीपर्यंतची जबाबदारी कंपनीची होती, तुमच्या लेथवाल्याची नव्हे.

ज्यांच्या डोक्यात सध्या हा किडा आहे त्यांना माझं एकच सांगणं, टोकन देण्याआधी कॉम्प्रेशन चेक करून घ्या. गॅरेजमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. काटा चौदाच्या जवळ असूनही तुम्हाला गाडी मेलेली वाटत असेल तर क्लच, ब्रेक, थ्रॉटल, सायलेन्सर ह्यात बघा, आणि तेही सगळं ठीक असूनही ताकद कमीच वाटत असेल तर तुम्हाला झेन नकोय, तुम्हाला दुसरी गाडी हवीये.

बाय द वे, आता फक्त मागच्या डाव्या दाराचं रबर बीडिंग राहिलंय, पावसात तिथून पाणी आत येतं आणि मुलीची दप्तरं भिजतात. ऑपेरा हाउसला विचारलं, कुर्ल्याला विचारलं, जे मिळालं ते झेन एस्टिलोचं (नावाने झेन, पण गाडी वेगळी), बसत नाही. कुणाकडे २००३ नंतरच्या झेनचं असेल तर सांगा, जुनं पण चालेल, फक्त फाटलेलं नको.